राहून गेलेल्यांची अभ्यासिका : सक्करदऱ्यातील एका वाचनखोलीचा परिचय

नागपुरात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांना तोटा नाही. नंदनवन, मानेवाडा, हनुमाननगर, अयोध्यानगर या भागांतून दुचाकीवर एक फेरी मारली, तरी ‘२४ तास, एसी, वायफाय, आरओचे पाणी’ अशा पाट्या एकामागून एक दिसतात आणि जवळजवळ प्रत्येक पाटीशेजारी निवड झालेल्या उमेदवारांचे चेहरे पदांसह फ्लेक्सवर झळकत असतात. मी ज्या अभ्यासिकेविषयी लिहीत आहे, तिच्या दारावर फ्लेक्स नाही. सक्करदरा चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत, तळाला झेरॉक्सचे दुकान आणि वर दोन मजले, एवढीच तिची खूण. चालकांनी नाव छापू नये अशी अट घातली आहे. ‘जागा साठ आहेत, एकसष्टावा आला तर त्याला बसवू कुठं?’ हे त्यांचे कारण. म्हणून नाव देत नाही. गरजूंनी चौकातल्या झेरॉक्सवाल्यांकडे किंवा पुस्तकांच्या दुकानात चौकशी केली, तरी पत्ता मिळेल.

प्रथम व्यवहाराचे सांगते. राखीव टेबलाला महिना ९०० रुपये, बिनराखीव जागेला ६००. वेळ पहाटे पाच ते रात्री अकरा. चोवीस तास उघडी नाही, आणि यावर चालक ठाम आहेत, कारण रात्री झोपणे हाही अभ्यासाचा भाग आहे असे त्यांचे म्हणणे. पहिल्या मजल्यावर मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन आहे, त्याचा जिना वेगळा आहे आणि जिन्यात दिवा असतो. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण रात्री दहाला घरी निघणाऱ्या बाईला ती किरकोळ वाटत नाही. टेबले तीन बाजूंनी बंद, प्रत्येकावर दिवा आणि मोबाइल चार्जिंगची सोय. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, कूलर चालत नाहीत. एसी नाहीच. दोन्ही मजल्यांवर वाळ्याच्या ताट्यांचे मोठे कूलर आहेत आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी दोन ते पाच या वेळेत खिडकीकडच्या रांगेत बसणे ही शिक्षाच असते. पाच वर्तमानपत्रे येतात, त्यांत दोन इंग्रजी. ती सकाळी नऊपर्यंत टेबलावर नेता येत नाहीत, उभ्यानेच वाचायची. हा नियम मला आवडला, कारण त्यामुळे एकच जण अग्रलेखाचे पान दीड तास अडवून बसत नाही.

एवढ्यावर परिचय संपवायचा असता, तर ‘स्वच्छ, शांत, परवडणारी’ असे म्हणून थांबता आले असते. परंतु या अभ्यासिकेत बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकदा तरी कुठेतरी राहून गेलेले आहेत. पहिल्यांदाच तयारी करणारे कोवळे विद्यार्थी इथे थोडे. पूर्व परीक्षेत गुणवत्ता यादीबाहेर गेलेले, मुख्य परीक्षेत अडलेले, मुलाखतीपर्यंत जाऊन परतलेले आणि नोकरी, आजारपण, घरचे संकट यांमुळे मध्येच तयारी सोडावी लागलेले अधिक. मी स्वतः या शेवटच्या गटातली. माझे स्टेशनरी आणि झेरॉक्सचे छोटे दुकान होते. समोरचा रस्ता उड्डाणपुलाच्या कामासाठी खोदला गेला, गिऱ्हाईक तुटले, पुढे दुकानही गेले. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेची, म्हणजे राज्य शासनाच्या अधिकारी पदांसाठीच्या परीक्षेची, वयोमर्यादा ३८ आहे आणि मी तिच्यापासून फार लांब नाही. तेव्हा मला अशी जागा हवी होती की जिथे शेजारच्या टेबलावरचा चोवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे कुतूहलाने बघणार नाही. इथे कोणी बघत नाही.

नशीब खराब होते, असे कोणी म्हटले की आपल्याकडे लगेच त्याला आळशी ठरवण्याची घाई होते. मला हे पटत नाही. स्पर्धा परीक्षांच्या वाटेवर हाताबाहेरची गोष्ट खरोखरच घडते. ५ एप्रिल २०२० रोजी ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा करोनामुळे आणि नंतर इतर कारणांनी पुन्हा पुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीखही अवघे तीन दिवस आधी बदलली आणि अखेर २१ मार्च २०२१ रोजी पेपर झाला. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा बँकेच्या परीक्षेशी एकाच दिवशी आल्यामुळे लांबली आणि १ डिसेंबरला झाली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, लेखी भाग १७५० गुणांचा झाला, आणि वर्षानुवर्षे पर्यायांतून उत्तर निवडण्याची सवय लागलेल्यांना पुन्हा पेन हातात घेऊन पाने भरायला शिकावे लागले. यातले निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. पण खोलीचे भाडे भरत बसलेल्या मुलाच्या दृष्टीने बदललेली तारीख म्हणजे घरून मागवायचे आणखी काही महिन्यांचे पैसे.

या सगळ्याचे काय करायचे, याचे या अभ्यासिकेचे उत्तर एका चोपडीत आहे. इतवारीत व्यापाऱ्यांसाठी मिळते तशी लाल कापडी बांधणीची ती लांबट चोपडी चालकांच्या टेबलाच्या खणात असते. चालकांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. ते मुलांना ‘बाप्पा’ आणि आम्हा बायकांना ‘ताई’ म्हणतात. नवीन येणाऱ्याकडून भाऊ आधारकार्डाची प्रत घेतात, पैसे घेतात आणि मग ही चोपडी पुढे सरकवतात. तिच्या प्रत्येक पानावर हाताने आखलेले पाच रकाने आहेत : परीक्षा, किती गुणांनी राहिले, हाताबाहेरचे कारण, हातातले कारण, आणि पुढची तारीख. नाव लिहायचे नाही, टेबलाचा क्रमांक लिहायचा. जुनी पाने कोणीही वाचू शकतो आणि माझ्या मते महिन्याच्या शुल्कातला निम्मा मोबदला तिथेच वसूल होतो.

एक नोंद पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरची, म्हणजे सीसॅटची (कल चाचणीची) आहे. या पेपरात ८० प्रश्न, २०० गुण आणि पात्रतेसाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. नोंद करणाऱ्याने लिहिले आहे : ३० बरोबर, १६ चूक. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला त्याचा चतुर्थांश वजा. म्हणजे ७५ मधून १० गेले, हाती ६५. एका गुणाने राहिला. ‘हाताबाहेरचे कारण’ या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला होता, ‘नशीब’. भाऊंनी त्यावर लाल शाईने गोल केला आहे आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘१६ पैकी २ सोडले असते तर ६६.२५.’ त्याच्या खाली त्या मुलाने दुसऱ्या शाईने, बहुधा काही दिवसांनी, हातातल्या कारणाच्या रकान्यात भर घातली आहे : ‘शेवटच्या १० मिनिटांत अंदाजाने गोल काळे केले.’ भाऊंना मी याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “नशीब म्हणजे काय बाप्पा? बस सुटली का, ताप आला का, पेपर पुढं गेला? जे झालं तेच लिही ना.”

दुसरी नोंद पोलीस भरतीची. २०२४ ची मैदानी चाचणी जूनमध्ये सुरू झाली आणि राज्यात अनेक ठिकाणी पावसाने मैदाने चिखलाची केली. मैदानी चाचणीचे ५० गुण असतात : धावणे, १०० मीटर आणि गोळाफेक. या मुलाची १६०० मीटरची धाव चांगली झाली होती, पण गोळ्याने त्याला खाली ओढले. हाताबाहेरचे कारण : ‘रिंग ओली, गोळा ओला.’ हातातले कारण : ‘७.२६ किलोचा गोळा ओल्या हाताने कधी फेकून पाहिला नाही.’ हा मुलगा नंतर पहाटे सराव करून आला की खालच्या नळाखाली हात भिजवून रिकाम्या प्लॉटवर गोळा फेकताना दिसायचा, असे झेरॉक्सवाले सांगतात. भरतीची तयारी करणाऱ्या अशा मुलांचा इथे वेगळा कट्टा आहे. मैदानावर धावून आले की ते जिन्यात बूट काढून ठेवतात, त्या बुटांच्या वासाबद्दल मुलींच्या दालनातून लेखी तक्रार झाली होती आणि आता बुटांसाठी बाहेर रॅक आले आहे. या मुलांचा नायक एकच, उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पोलीस शिपायाची भरती थोडक्यात हुकली आणि पुढे तो विदर्भातून भारताच्या कसोटी संघात जाणारा पहिला खेळाडू झाला. ती भरती हुकली नसती तर काय, यावर सकाळच्या तर्रीपोह्यांच्या वेळी गाडीवर रोज चर्चा होते.

तिसरी नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुख्य परीक्षेच्या आठवड्यात वडिलांना पक्षाघात झाला, दोन पेपर देता आले नाहीत. हातातल्या कारणाच्या रकान्यात लिहिले आहे : ‘काही नाही.’ त्यावर लाल शाई नाही. फक्त भाऊंची सही आहे. सगळ्या चोपडीत सही असलेली पाने मोजकीच, आणि ती अशीच आहेत. अपयशाचे प्रत्येक वेळी आपल्यालाच उत्तर द्यावे लागते, असा आग्रह धरणाऱ्या वक्त्यांनी या पानाकडे जरूर पाहावे. शहरातल्या एका मोठ्या सभागृहात असे एक शिबिर मी ऐकले आहे. तिथे टाळ्या होत्या, संगीत होते, डोळे मिटून स्वतःला खुर्चीत बसलेले अधिकारी म्हणून पाहण्याचा अर्धा तास होता. संध्याकाळपर्यंत उत्साह टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थव्यवस्थेचे तेच प्रकरण तसेच समोर होते. या खोलीत मात्र कोणी उत्साह देत नाही, आणि तरी रोज यावेसे वाटते, कारण आपल्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्यांनीही आपापला रकाना भरलेला आहे हे ठाऊक असते.

भिंतीवर दोनच गोष्टी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे छायाचित्र या शहरात बहुतेक अभ्यासिकांत असते, तसे इथेही आहे. वेगळेपण त्याखाली चिकटवलेल्या पट्टीत आहे. त्यावर तीन ओळी आहेत : ‘१९१७ : शिष्यवृत्ती संपली, परतावे लागले, सामानाचे जहाज बुडाले, पुस्तके गेली. १९२० : पुन्हा लंडन. १९२३ : डी.एस्सी.’ पहिल्या महायुद्धात पाणतीराने बुडवलेल्या जहाजात बाबासाहेबांची पुस्तके होती आणि मधल्या वर्षांत त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, हे आपण शाळेत कुठेतरी ऐकलेले असते. परंतु संविधानाचे शिल्पकार म्हणून रोज नमस्कार केला जाणाऱ्या माणसाची ही तीन मधली वर्षे सहसा कोणी भिंतीवर लावत नाही. दीक्षाभूमी असलेल्या शहरात ही पट्टी मला फार नेमकी वाटली. तारखांच्या पुढे उपदेशाचा एक शब्दही नाही, ही भाऊंची चवही दाद देण्याजोगी.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रातून कापलेला एक धावफलक. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर २ मार्च २०२५ रोजी संपलेला विदर्भ विरुद्ध केरळ हा रणजी अंतिम सामना. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. भाऊंनी फलकातल्या दोनच नोंदींखाली रेघ ओढली आहे : करुण नायर, पहिला डाव, धावबाद ८६, दुसरा डाव, १३५. या माणसाने २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. पुढे तो भारतीय संघातून गेला, नंतर स्वतःच्या राज्याच्या संघातूनही गेला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याने क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितल्याचे समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले. ती संधी त्याला आपल्या विदर्भाने दिली. २०२४ चा अंतिम सामना वानखेडेवर मुंबईकडून हरल्यानंतर पुढच्याच वर्षी घरच्या मैदानावर हा फलक तयार झाला. धावबाद होण्यात जोडीदाराची हाक, क्षेत्ररक्षकाचा हात आणि आपले पाय असे तिघांचे हिशेब असतात. म्हणूनच ही रेघ त्या शब्दाखाली आहे, असा माझा तर्क.

याच फलकावरून आमच्याकडे वादही झाला आहे. २०२५ च्या जूनमध्ये नायर आठ वर्षांनी कसोटी संघात परतला, पहिल्याच डावात शून्यावर बाद झाला, इंग्लंडमधल्या चार कसोटींत त्याचे एकच अर्धशतक झाले आणि पुढच्या मालिकेत त्याला जागा मिळाली नाही. तेव्हा एका मुलाने कात्रण काढून टाकावे असे सुचवले. शेवट गोड नसलेल्या गोष्टीने प्रेरणा कशी मिळणार, असा त्याचा मुद्दा. भाऊ कात्रण काढायला तयार झाले नाहीत. मी भाऊंच्या बाजूने आहे. संधी परत मिळाली आणि ती टिकली नाही, हे दोन्ही खरे आहे, आणि जामठ्यातल्या त्या १३५ धावा त्यामुळे कमी होत नाहीत. ज्यांना इथे तीन-तीन मुलाखती होऊनही अंतिम यादीत नाव न आलेल्यांच्या शेजारी बसायचे आहे, त्यांना गोड शेवटाच्याच गोष्टी पुरत नाहीत.

सेवेचा आणखी एक भाग रविवारचा. सकाळी आठ ते अकरा उत्तरलेखन असते. भाऊ प्रश्न फळ्यावर लिहितात, सगळे कागदावर उत्तर लिहितात आणि कागद शेजाऱ्याशी बदलून एकमेकांचे तपासतात. याला वेगळे शुल्क नाही. तपासणीचा दर्जा असमान आहे हे मान्य केले पाहिजे. माझ्या भूगोलाच्या एका उत्तरावर एका आठवड्याला ‘उत्तम’ आणि पुढच्या आठवड्याला जवळजवळ तशाच उत्तरावर ‘मुद्दा सुटला’ असा शेरा आला. तज्ज्ञ मार्गदर्शन हवे असलेल्यांनी ते दुसरीकडे शोधावे. शहरात जुन्या मॉरिस कॉलेजच्या परिसरात शासनाचे पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे; तिथे प्रवेश परीक्षेतून मिळतो, आणि इथल्या काही जणांनी तो मिळवलाही आहे.

उणिवा लपवण्याचे कारण नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या दोन रांगांत प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि चार तासांनंतर पाठ बोलू लागते. प्रत्येक मजल्यावर एकच स्वच्छतागृह, त्यामुळे दुपारच्या डब्यानंतर रांग लागते. पावसाळ्यात कूलर बंद केले की ताट्यांचा कुबट वास पंधरवडाभर जात नाही. लग्नसराईत मागच्या गल्लीतल्या लॉनचा बँड रात्री दहापर्यंत वाजतो, आणि त्यावर भाऊंचा एकमेव उपाय म्हणजे कापसाचे बोळे, जे ते आनंदाने वाटतात. पुस्तकांचे कपाट आहे, पण चालू घडामोडींची वार्षिके दोन वर्षांपूर्वीची. वायफाय केवळ तळमजल्यावर, आणि मोबाइलवर व्याख्याने बघणाऱ्यांविषयी भाऊंची नाराजी जरा अतिच आहे. ऑनलाइन वर्गाचे पैसे भरलेल्या मुलांची त्यामुळे खरोखर अडचण होते. दुचाकी लावायला जागा नाही, रस्त्याच्या कडेला लावावी लागते.

निकालाच्या दिवसाचा नियम मात्र मला कुठल्याही सोयीपेक्षा मोलाचा वाटतो. निवड झालेल्याने आत पेढे वाटायचे नाहीत. संत्रा बर्फीचा डबा झेरॉक्सच्या दुकानात ठेवायचा, ज्याला घ्यायची तो उतरताना घेतो. सत्कार नाही, हार नाही, फोटो नाही. त्या दिवशी वर बसलेल्यांपैकी अनेकांचे नाव यादीत नसते, आणि त्यांना सहा वाजता निकाल पाहून सात वाजता त्याच टेबलावर परतणे सोपे जावे, एवढाच यामागचा विचार. मागच्या निकालाच्या संध्याकाळी मुलींच्या दालनात तिघी जणी परत आल्या होत्या. एकीने चोपडी मागवून घेतली, दोन रकाने लिहिले, पुढच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला आणि पाण्याची बाटली भरून आणली.

पहिल्यांदा तयारी सुरू करणाऱ्या, एसी हवा असलेल्या किंवा रात्रभर जागणाऱ्या उमेदवारांना मी ही जागा सुचवणार नाही. त्यांच्यासाठी शहरात अधिक चांगले पर्याय आहेत. एकदा पडून पुन्हा बसायचे आहे, पण घरी बसले की प्रत्येक पाहुणा ‘काय झालं मग?’ असे विचारतो, अशांनी जरूर यावे. राखीव टेबलांसाठी सध्या प्रतीक्षायादी आहे, बिनराखीव जागा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या होतात. जाताना आधारकार्डाची प्रत, एक फोटो आणि शुल्क रोख न्यावे, कारण भाऊंचा यूपीआयचा क्यूआर कोड झेरॉक्सच्या दुकानात लावलेला असतो आणि दुपारी एक ते तीन ते दुकान बंद असते.